बहुमार्गी शाखन (प्रोग्रामिंग)

एखादे मूल्य किंवा अट तपासून अनेक मार्गांपैकी एक निवडणारी प्रोग्रामिंग भाषेतील रचना. बोलताना सगळे तिला ‘स्विच’ किंवा ‘केस’च म्हणतात. इफ-एल्सच्या (‘जर-नाहीतर’च्या) साखळीनेही हे काम होते. केसपुढे, म्हणजे एखाद्या शाखेची खूण म्हणून, काय काय लिहू द्यायचे, यावर मात्र भाषांची मते फार वेगळी आहेत.

फोरट्रान भाषेत (१९५७) ‘कम्प्यूटेड गो-टू’ होते: चलाची (व्हेरिएबलची) किंमत ३ असेल, तर यादीतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या विधानावर उडी. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी सुचवलेले केस-विधान अल्गोल डब्ल्यू या भाषेत आले आणि पुढे पास्कलमध्येही रुजले. सी भाषेच्या स्विचमध्ये केसपुढे फक्त पूर्णांक स्थिरांक चालतो. हे बंधन जाचक वाटते खरे, पण त्यामुळेच कंपायलरला (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रणालीला) जंप टेबल, म्हणजे कोणत्या मूल्याला कुठे उडी मारायची याचा तक्ता, बांधता येते आणि पर्याय शंभर असले तरी एका उडीत काम होते. सीची खरी खोड वेगळीच: ‘ब्रेक’ ही स्विचमधून बाहेर पडण्याची आज्ञा, ती लिहायची राहिली की अंमल सरळ पुढच्या केसमध्ये घुसतो. ‘ब्रेक’ चुकीच्या जागी पडला तरी घात होतो. १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टी या अमेरिकी कंपनीचे लांब पल्ल्याचे दूरध्वनी जाळे सुमारे नऊ तास कोलमडले, ते अशाच एका ब्रेकमुळे.

लिस्पच्या ‘कॉन्ड’मध्ये प्रत्येक शाखेला स्वतःची अट असते, गो भाषेतही मूल्याविना स्विच लिहून हेच साधते. अटी वरून खाली तपासल्या जातात, म्हणून क्रम महत्त्वाचा. ‘गुण > ४०’ ही अट ‘गुण > ७५’च्या वर लिहिली, तर ९० गुणांचा विद्यार्थीही नुसता उत्तीर्ण ठरतो आणि विशेष श्रेणीची शाखा कधीच चालत नाही. लवचिकतेचा अतिरेक पर्लने केला. २००७ मध्ये आलेल्या ‘गिव्हन-व्हेन’ या स्विचसारख्या रचनेमागची तुलना दोन्ही बाजूंचे प्रकार पाहून आपला अर्थ बदलायची, नियम लक्षात राहीनात आणि २०१३ मध्ये तिच्यावर ‘प्रायोगिक’ असा शिक्का बसला.

एमएल आणि हॅस्केलमधील नमुना-जुळणी मूल्याची घडणच पाहते: यादी रिकामी आहे का, नसेल तर पहिला घटक कोणता. पायथनमध्ये ती ३.१० आवृत्तीत (२०२१) आली. तिथे केसपुढे नुसते ‘लाल’ हे चलाचे नाव लिहिले, तर तुलना होत नाही. जे मूल्य येईल ते ‘लाल’मध्ये भरले जाते.

रस्टमध्ये एखादा पर्याय हाताळायचा राहिला, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. मात्र शेवटी ‘बाकी सगळे’ अशी शाखा ठेवली असेल, तर उद्या वाढवलेला नवा पर्याय निमूटपणे तिच्यात जाऊन पडतो.