सेंट मेरीज बेट : पाषाणस्तंभांच्या किनाऱ्याची पार्श्वभूमी

कर्नाटकातील उडुपीजवळच्या मलपे बंदरासमोर, अरबी समुद्रात सेंट मेरीज नावाचा छोट्या बेटांचा समूह आहे. त्यांपैकी माडांच्या गर्दीमुळे ‘कोकोनट आयलंड’ म्हणून ओळखले जाणारे बेट सर्वांत परिचित असून, तेथे कायमची मनुष्यवस्ती नाही. मलपेहून होडीनेच तेथे पोहोचता येते आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाहतूक बंद ठेवली जाते.

बेटाचे नाव वास्को द गामाच्या पहिल्या सफरीशी जोडलेले आहे. पोर्तुगालच्या राजाने त्याच्याबरोबर धाडलेल्या शिलास्तंभांपैकी एकाला सांता मारियाचे, म्हणजे मेरीमातेचे, नाव देण्यात आले होते. कालिकतहून परतताना सप्टेंबर १४९८ मध्ये वास्कोच्या माणसांनी तो किनाऱ्यालगतच्या एका लहानशा बेटावर उभारला, अशी नोंद त्या सफरीच्या रोजनिशीत आहे, आणि ते बेट या समूहातीलच मानले जाते. वास्कोचा प्रसंग लोकप्रिय आहे. तथापि या किनाऱ्याचा खरा इतिहास त्याच्या पायाखालच्या खडकात आहे आणि माझ्या मते तोच अधिक विलक्षण आहे.

सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी भारत आणि मादागास्कर हे भूखंड एकमेकांपासून विलग होत होते. त्या काळातील ज्वालामुखीच्या उद्रेकांतून हा खडक निर्माण झाला आणि त्याच सुमाराचे ज्वालामुखीय खडक मादागास्करमध्येही आढळतात. म्हणजे महाराष्ट्राचा सह्याद्री ज्या लाव्हाच्या थरांतून घडला, त्यांच्याहूनही हा खडक दोन कोटींहून अधिक वर्षांनी जुना आहे. पर्यटकांसाठीच्या माहितीत त्याला सर्रास बेसाल्ट म्हटले जाते. प्रत्यक्षात तो सिलिकाचे प्रमाण अधिक असलेला, दासाइट आणि रायोलाइट या प्रकारांत मोडणारा खडक आहे. तप्त लाव्हा थंड होताना आकसतो, आकसण्याचा ताण असह्य झाला की पृष्ठभागावर भेगा पडतात, आणि थंडावा जसजसा आत शिरतो तसतशा त्या भेगाही खोल जाऊन अखंड थराचे उभ्या स्तंभांत विभाजन करतात. यांतील बरेच स्तंभ षट्कोनी असले, तरी पाच किंवा सात बाजूंचेही आढळतात. या स्तंभरचनेमुळेच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने या स्थळाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे.

बेटाचे सौंदर्यही या रचनेशी निगडित आहे. काळपट स्तंभांच्या रांगा थेट पाण्यात उतरतात, लाटा त्यांच्यावर फुटतात आणि खडकांच्या आडोशाला शिंपल्यांचे थर साचतात. काही ठिकाणी तर वाळूपेक्षा शिंपले आणि त्यांचे तुकडेच अधिक दिसतात. आठवण म्हणून ते मूठभर उचलून नेण्याची सवय मात्र क्लेशदायक आहे, कारण येथे शिंपले हाच किनारा आहे.