बिरसीची धावपट्टी आणि पुन्हा उडणारी जुनी लढाऊ विमानं

गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली, इंग्रजांनी बांधलेली. अकोल्याजवळची शिवणीही त्याच काळातली. बिरसीवर आता वैमानिक शिकतात. तेव्हाची लढाऊ विमानं परदेशात स्वयंसेवक दुरुस्त करून उडवतात, मग आपल्याकडची चौथऱ्यावरच का, असं इथल्या पोरांना वाटणं साहजिक आहे.

या छंदाचं एक मूळ टेक्सासच्या शेतीपट्ट्यात सापडतं. १९५७ मध्ये लॉइड नोलेन आणि चार मित्रांनी पैसे जमवून पी-५१ मस्टँग हे एक लढाऊ विमान घेतलं. पुढे ते इतर विमानांच्या शोधात निघाले, तेव्हा युद्ध गाजवलेली बहुतेक विमानं भंगारात गेल्याचं आणि ती राखायचं काम कुणाकडेच नसल्याचं त्यांना कळलं. १९६१ मध्ये त्यांनी संस्था नोंदवली. ती आजही प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर चालते.

भंगारातलं विमान उठवण्यात आपण मुळीच कमी नव्हतो. युद्धानंतर कानपूरला बी-२४ लिबरेटर ही बाँबफेकी विमानं मुद्दाम मोडतोड करून टाकून दिली होती. १९४८ मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट या बंगळूरच्या विमान कारखान्याच्या माणसांनी ती जागेवरच उडण्याजोगी केली, वैमानिक जमशेद मुन्शींनी ती बंगळूरला उडवत नेली आणि वायुदलाने १९६८ पर्यंत वापरली. ही माणसं पगारी होती, पण हात इथलेच होते.

हरिकेन आर-४११८ या लढाऊ विमानाची कथा मला अधिक जवळची वाटते. १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात लढलेलं हे विमान १९४३ च्या अखेरीस भारतात आलं आणि पुढे बनारस हिंदू विद्यापीठात पडून राहिलं. जुन्या विमानांचे ब्रिटिश छंदिष्ट पीटर व्हॅचर यांना ते १९८२ मध्ये दिसलं, २००१ मध्ये मिळालं, आणि ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २३ डिसेंबर २००४ ला ते उडालं. हरिकेनचा मागचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून कापड. कापडावर डोप नावाचा लेप एकावर एक थर देऊन चढवतात. वाळताना तो कापडाला ताणून घट्ट करतो. डोपमधलं सेल्युलोज सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासूनही काढतात. ती सरकी वऱ्हाडातल्या प्रत्येक जिनिंगच्या आवारात पडलेली असते.

जेट विमानांचं मात्र अवघड आहे. सुटे भाग मिळत नाहीत आणि वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीत स्फोटकं असतात. ब्रिटनमध्ये अशा प्रत्येक विमानाला उड्डाणाचा वेगळा परवाना लागतो. २२ ऑगस्ट २०१५ ला शोरहॅमला जुनं हंटर जेट कोसळून ११ जण गेले, त्यानंतर नियम आणखी कडक झाले. ते व्हायलाच हवे होते.

आपल्या वायुदलाकडे उडती जुनी विमानं आहेत. पण २०१२ मध्ये पुन्हा उडालेलं टायगर मॉथ हे प्रशिक्षण विमान काय किंवा २०१८ मध्ये आलेलं डकोटा हे वाहतुकीचं विमान काय, दोन्हींची दुरुस्ती ब्रिटनमध्येच झाली. हे मला सलतं. इंजिन तज्ज्ञांकडेच जायला हवं. पण नळ्या जोडणं, लाकूड घडवणं, कापड चढवणं ही कामं भंडारा-गोंदियातले वेल्डर आणि सुतार तपासनिसाच्या नजरेखाली शिकू शकतात. त्यासाठी चौथऱ्यावरचं विमान खाली उतरवायचीही गरज नाही. एखादं मोडकं प्रशिक्षण विमान आणि एक रिकामी शेड मिळाली तरी हाताला काम सुरू होईल.