सोनेगावची मे महिन्यातली हवा

तर्री-पोह्यांच्या गाड्यावर गप्पा रंगल्या की आमच्या शेजारचे काका हमखास विचारतात, "आता तं ड्रोनच लढते ना भाऊ! मंग पोट्ट्यांले विमानात बसवून पेट्रोल कायले जाळता?" काकांचा रोख असतो एनसीसीच्या हवाई शाखेवर. नागपुरात तिचं २ महाराष्ट्र एअर स्क्वॉड्रन आहे. कॉलेजातली मुलंमुली दोन आसनांच्या मायक्रोलाइट विमानात प्रशिक्षकाच्या शेजारी बसून उडतात.

प्रश्न चुकीचा नाही. माझं उत्तर मात्र सोनेगावच्या, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरच्या हवेत दडलंय.

सोनेगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंचीवर आहे, म्हणजे काही फार नाही. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा प्रसरण पावते, विरळ होते. आकडेमोड केली तर एका घनमीटरमध्ये जेमतेम १.०७ किलो हवा उरते. जानेवारीतल्या १० अंशांच्या पहाटे तीच १.२० किलो असते. म्हणजे उन्हाळ्यातल्या दुपारी सोनेगावला उभं असलेलं विमान प्रत्यक्षात जवळपास १,४०० मीटर उंचीवरच्या हवेत असतं. वैमानिक याला 'घनता-उंची' म्हणतात. धावपट्टी जागची हलत नाही, हवा मात्र महाबळेश्वराच्याही वरची होते!

आता पंखाला तेवढंच वजन उचलायचं तर वेग सुमारे ६ टक्के वाढवावा लागतो. इंजिनालाही तीच विरळ हवा मिळते, म्हणून त्याचा जोर घटतो. इंजिनाचा फिरता पंखा जी हवा मागे ढकलतो तीही विरळच. सगळं एकत्र धरलं तर जमिनीवरची धाव ढोबळ हिशेबाने पाव हिश्शाने तरी लांबते.

यातली खरी गंमत वेगमापकाची. तो समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजतो, त्यामुळे विरळ हवेत त्याचा काटा नेहमीच्याच आकड्यावर आलेला दिसतो, पण जमीन मात्र नेहमीपेक्षा जोरात मागे पळत असते. डोळा सांगतो 'पुरेसा वेग झाला', आणि नवखा नाक लवकर वर ओढतो. त्या क्षणी काट्यावर विश्वास ठेवायचा, डोळ्यावर नाही, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. अंगात मुरायला मात्र धावपट्टीचं टोक जवळ येताना एकदा बघावं लागतं. त्यात दुपारी तापलेल्या काळ्या मातीवरून गरम हवेचे लोट उठतात आणि हलकं मायक्रोलाइट पतंगासारखं हेलकावतं.

ड्रोनची यातून सुटका होते का? नाही. चार पात्यांच्या ड्रोनला याच हवेत तरंगत राहायला पाती ६ टक्के जास्त वेगाने फिरवावी लागतात, तेवढीच जास्त ताकद लागते, आणि बॅटरी आधीच तापलेली. फरक इतकाच की चालवणारा सावलीत बसून पडद्यावरचा आकडा बघतो. हवेचा धक्का त्याच्या पाठीला लागत नाही.

मोठ्या ड्रोनचं आणखी एक दुखणं आहे. सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहामार्फत चित्र यायला पाव सेकंद आणि आज्ञा जायला पाव सेकंद. टेहळणीला अर्धा सेकंद काहीच नाही, जमिनीपासून चार मीटरवर मात्र तो फार मोठा. म्हणूनच अमेरिकेच्या एमक्यू-९ सारखं मोठं ड्रोन हजारो किलोमीटरवरून चालवत असले, तरी उतरवण्यासाठी तळाजवळचं वेगळं पथक सूत्रं हाती घेत आलं आहे.

आता काकांची बाजू. ९ जीच्या, म्हणजे अंगावर वजनाच्या नऊपट भार टाकणाऱ्या वळणात माणूस शुद्ध हरपू शकतो, यंत्राला ते भय नाही. आपल्या नागपुरात तयार होणारं 'नागास्त्र-१' पाहा: ९ किलोचं, पाठीवर नेता येणारं, १ किलो स्फोटकं घेऊन अर्धा तास घिरट्या घालणारं आणि लक्ष्यावर आदळून फुटणारं ड्रोन. लक्ष्य सापडलं नाही तर ते पॅराशूटने परत उतरवता येतं. २०२४ मध्ये पहिले १२० लष्कराला मिळाले. अशा कामासाठी जिवंत माणूस आत बसवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

त्यामुळे मला वाटतं, सगळ्यांनाच लढाऊ वैमानिक करायची गरज नाही. मात्र मोठं ड्रोन हाती देण्याआधी त्या मुलाला किंवा मुलीला दहा-बारा तास तरी लहान विमानात उडवायला हवं. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार दहावी पास, वयाची १८ वर्षं पूर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण झालं की रिमोट पायलटचा, म्हणजे ड्रोन चालवण्याचा दाखला मिळू शकतो. वय ठीक आहे, पण अंगाला हवा लागलेली नसते.

काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी तर्रीचा भुरका मारला आणि म्हणाले, "मंग मे महिन्यात दुपारी उडवूच नोका ना!"

शहाणे प्रशिक्षक तेच करतात, काका. पहाटे उडवतात.