कडेवर राहिलेला अर्धा मजकूर

लिलावात एखादे साधे टोकन (सरकारने नव्हे, तर कंपन्यांनी वा व्यापाऱ्यांनी काढलेले नाणे) 'अतिदुर्मिळ प्रकार' म्हणून चढ्या भावाने जाते, आणि खरोखर दुर्मिळ असलेले मात्र किरकोळीच्या लॉटमधून कोणीतरी जाणकार गुपचूप उचलतो. दोष दरवेळी वर्णन लिहिणाऱ्याच्या हलगर्जीपणाचाच असतो असे नाही. टोकनांचा जन्मच असा झाला आहे की ओळखीचा घोळ व्हावा.

इंग्लंडच्या सरकारी टांकसाळीने १७७५ नंतर तांब्याची नाणी पाडणे जवळपास थांबवले आणि सुट्या पैशांची चणचण सुरू झाली. १७८७ मध्ये अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन कंपनीने स्वतःच्या तांब्याची पेनी टोकने काढली. एका बाजूला ओकच्या पानाफळांच्या हारात ड्रुइड पुरोहिताचा चेहरा, दुसऱ्या बाजूला कंपनीची गुंफलेली आद्याक्षरे आणि भोवती मजकूर: 'धारकास एक पेनी देण्याचे वचन देतो'. वाक्य इथे संपत नाही. 'मागणी करताच, लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी येथे' हा उरलेला भाग कडेवर कोरलेला आहे. म्हणजे टोकनाची नुसती छापा-काट्याची बाजू पाहणाऱ्याने वचन अर्धेच वाचलेले असते.

हारातली ओकची फळे किती, यावरूनही या पेनीचे प्रकार वेगळे धरतात. झिजलेल्या टोकनावर ती मोजून पाहावीत म्हणजे दोन माणसांचे दोन आकडे का निघतात ते कळते.

पुढच्या दहाएक वर्षांत व्यापाऱ्यांची अशी टोकने उदंड झाली, आणि त्यांच्यामागोमाग संग्राहकही. मग संग्राहकांसाठीच टोकने पाडली जाऊ लागली. लंडनचा पुस्तकविक्रेता आणि जहाल राजकीय विचारांचा थॉमस स्पेन्स एका टोकनाचा पुढचा ठसा दुसऱ्याच्या मागच्या ठशाशी जुळवून नवनवे 'प्रकार' काढत असे. अशा जोडीला म्यूल, म्हणजे खेचर म्हणतात, आणि शब्द अगदी चपखल आहे. कडेचीही तीच गत. कडेवरचा मजकूर ठसा मारण्याआधीच कोऱ्या चकतीवर उमटवलेला असे, त्यामुळे एका गावाचे नाव कडेवर असलेली चकती भलत्याच गावाच्या टोकनाला लागे.

या पसाऱ्याची यादी इप्सविचच्या जेम्स काँडरने १७९८ मध्ये केली, म्हणून संग्राहक आजही यांना काँडर टोकने म्हणतात. पण लिलावात ज्याचे क्रमांक चालतात ते डाल्टन आणि हेमर यांचे १९१० ते १९१८ दरम्यान भागाभागाने निघालेले काम. त्यात मुख्य क्रमांक ठशावरून आणि कडेचा फरक बहुतेकदा पुढे जोडलेल्या अक्षरावरून कळतो. सगळा गोंधळ याच एका अक्षराचा असतो. साध्या कडेचे टोकन सर्रास मिळणारे आणि मजकुराच्या कडेचे विरळा (कधी नेमके उलटही), आणि लिलावाच्या यादीत छायाचित्रे मात्र दोनच, पुढच्या आणि मागच्या बाजूची. त्यात जुन्या संग्रहाच्या कागदी पाकिटावर कोणी चुकीचा क्रमांक लिहिलेला असला, तर तोच पुढच्या प्रत्येक लिलावात निष्ठेने उतरवला जातो.

अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळातल्या टोकनांत घोटाळा धातूचा आहे. या टोकनांची यादी करणाऱ्या फुल्ड यांच्या क्रमांकपद्धतीत ठशांच्या जोडीपुढचे अक्षर धातू सांगते: ए तांबे, बी पितळ, डी तांबे-निकेल. काळवंडलेले पितळ तांब्यासारखे दिसते, आणि घासून चकचकीत केलेले तांबे पितळेसारखे. विशिष्ट गुरुत्व काढले तर पितळ बरेचदा पकडले जाते, पण तांबे आणि तांबे-निकेल यांची घनता जवळपास सारखीच, तिथे तराजूचा उपयोग नाही. त्यासाठी क्ष-किरण तपासणीच लागते. कथील चढवलेले तांबे चांदीचे म्हणून खपवलेलेही सापडते.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रमाणपत्रासह सीलबंद प्लास्टिकच्या डब्या, म्हणजे स्लॅब, आल्या. बनावट नाण्यांना त्यामुळे बराच आळा बसला. टोकनांची कड मात्र आणखी झाकली गेली. नंतर दातांसारख्या छोट्या पकडींनी नाणे धरणारे, कड दाखवणारे स्लॅब निघाले. जुन्या स्लॅबमधले टोकन असेल, तर लेबलवरचे ते शेवटचे अक्षर विश्वासावरच घ्यावे लागते, नाहीतर डबी फोडावी लागते.