वजन की वस्तुमान? १९०१ च्या एका ठरावाची पार्श्वभूमी

किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे, वजनाचे नाही, हे अधिकृतपणे ठरले १९०१ मध्ये. न्यूटनचे गतीचे नियम छापून तोवर २१४ वर्षे उलटली होती. एवढा उशीर का झाला आणि ठरल्यावरही घोळ का मिटला नाही, याचे उत्तर 'वजन' या एका शब्दात दडले आहे.

जड वस्तू आधी पडते की सगळ्या बरोबर पडतात, हा वाद सर्वांना ठाऊक आहे. तो इथे पुन्हा उगाळत नाही. आपली गोष्ट सुरू होते १६७२ च्या सुमारास, एका घड्याळापासून. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारा लंबक दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या केयेनला नेला, तर घड्याळ दिवसाला दोन-अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक जेमतेम तीन मिलिमीटरने आखूड केला तेव्हा कुठे वेळ जुळली. गोळा तोच, दोरी तीच. कमी झाली होती ती खाली ओढणारी ओढ.

म्हणजे वस्तूत एक काहीतरी असे आहे जे जागेगणिक बदलत नाही, आणि दुसरे असे जे बदलते. न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथात ही दोन्ही, म्हणजे वस्तुमान आणि वजन, वेगळी काढली गेली आणि तरीही ती एकमेकांच्या प्रमाणात असतात, हे प्रयोगाने दाखवले गेले. तो प्रयोग मला फार आवडतो. लाकडाच्या दोन सारख्या पेट्या अकरा फुटी दोऱ्यांना टांगल्या. एकीत लाकूड भरले, दुसरीत तितक्याच वजनाचे सोने. मग सोन्याच्या जागी चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, पाणी, गहू. दोन्ही पेट्या बराच वेळ बरोबरीने झुलत राहिल्या. ओढ वजनाची आणि हलायला विरोध वस्तुमानाचा; त्यांच्या प्रमाणात हजारात एका भागाचा फरक असता तरी तो नजरेत आला असता.

इथेच गुंता झाला. दोन्ही राशी इतक्या तंतोतंत प्रमाणात असतील तर व्यवहारात त्या वेगळ्या मानायची गरज कुणाला? १७९५ च्या फ्रेंच कायद्याने ग्रॅमची व्याख्या केली ती वितळत्या बर्फाच्या तापमानाच्या एक घन सेंटिमीटर पाण्याचे 'निरपेक्ष वजन' अशी. १८८९ मध्ये प्लॅटिनम-इरिडियमचा ३९ मिलिमीटर उंच आणि तितक्याच व्यासाचा दंडगोल किलोग्रॅमचे जागतिक प्रमाण ठरला. पण तो दंडगोल वस्तुमानाचे माप आहे की वजनाचे, यावर बोलण्यात आणि लिहिण्यात एकवाक्यता नव्हती. अभियंते बल आणि दाब सर्रास किलोग्रॅममध्ये मोजत.

वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०१ मध्ये तीन गोष्टी जाहीर केल्या. किलोग्रॅम वस्तुमानाचे एकक. वजन ही बलाच्या जातीची राशी: वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो तो. आणि त्या त्वरणाची प्रमाण किंमत ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग, जी काही देशांच्या कायद्यांत आधीच होती. ४५ अंश अक्षांशावरची समुद्रसपाटीची किंमत म्हणून हा आकडा आला होता. पुढच्या मोजमापांत ती किंचित कमी भरली, ९.८०६२ च्या आसपास. आकडा मात्र संकेत म्हणून तसाच राहिला, आणि ते योग्यच झाले; प्रमाण दर दशकाला बदलू लागले तर ते प्रमाण कसले.

माझा आक्षेप दुसऱ्या विधानावर आहे. गुरुत्वत्वरण म्हणजे नेमके कोणते? निव्वळ पृथ्वीच्या आकर्षणाचे, की वस्तू सोडल्यावर प्रत्यक्ष मोजले जाते ते? जमिनीवर मोजलेल्या त्वरणात पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम आधीच मिसळलेला असतो. विषुववृत्तावर त्याने ०.०३४ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी घट होते. ९.८०६६५ मध्येही तो आहेच. म्हणजे ठरावातले 'वजन' पहिल्या दिवसापासून निव्वळ आकर्षण नव्हते.

हा फरक क्षुल्लक वाटतो तो अंतराळस्थानकात जाईपर्यंत. ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीचे आकर्षण जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के असते, आणि माणूस तर तरंगत असतो. वजन म्हणजे आकर्षणाचे बल, असे मानणारी पुस्तके म्हणतात की त्याचे वजन थोडेच घटले. राशींच्या आंतरराष्ट्रीय मानकातली व्याख्या मात्र वजन ठरावीक संदर्भचौकटीतल्या मुक्तपतनावरून ठरवते, म्हणजे मोजणारा जिथे आहे तिथून पाहता नुसती सोडलेली वस्तू कशी पडते त्यावरून. स्थानकही माणसाबरोबरच पडत असते, म्हणून स्थानकाच्या चौकटीत ते शून्य. मला दुसरी व्याख्याच पटते. काटा जे दाखवतो, पायांना जे जाणवते, ते वजन. आइन्स्टाइनला १९०७ मध्ये सुचलेल्या एका विचाराने, की पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही, गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत उभा राहिला, तोही याच अर्थाच्या वजनावर. विद्यार्थ्यांना 'वजनरहित अवस्था' शिकवायची आणि त्याच धड्यात वजन नव्वद टक्के उरते म्हणायचे, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

बलाच्या एककाला न्यूटन हे नाव १९४८ मध्ये मिळाले आणि किलोग्रॅम-बल, म्हणजे बल किलोग्रॅममध्ये मोजण्याचे जुने एकक, हळूहळू मागे पडले. २० मे २०१९ पासून तो दंडगोलही प्रमाण राहिला नाही. त्याच्यात आणि त्याच्या प्रतींत शंभर वर्षांत सुमारे पन्नास मायक्रोग्रॅमचे अंतर पडले होते. आता किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे क्वांटम भौतिकीतल्या एका न बदलणाऱ्या राशीवरून ठरतो. त्यासाठी वापरला जाणारा एक काटा वजन आणि वीजप्रवाहाच्या वेटोळ्यावरचे बल यांचा तोल साधतो. वजनावरून वस्तुमान काढायचे तर त्या जागेचे त्वरण माहीत हवे. म्हणून काट्याजवळच निर्वातात एक आरसा पुन्हा पुन्हा खाली सोडतात आणि लेसरने त्याचे पडणे मोजतात.