‘ती केस मिटली’ म्हणण्याआधी

कुडाळात अर्ज भरून द्यायचं काम सुरू केलं तेव्हापासून एक वाक्य आम्ही जवळजवळ रोज ऐकतो. पासपोर्टचा अर्ज असो, गल्फला जाण्यासाठीचं पीसीसी (पोलिसांचा चारित्र्याचा दाखला) असो की सरकारी नोकरीचा साक्षांकन नमुना (पडताळणीसाठी भरून द्यायचा अर्ज), गुन्ह्यांच्या रकान्यापाशी आमचं बोट थांबलं की समोरून येतं, ‘ता कधीच मिटला मा! आता कित्याक लिवचा?’ मग रकान्यात ‘नाही’ पडतं. पुढचे तीन-चार महिने तुमचे आणि आमचेही ओरोसला एसपी ऑफिसच्या फेऱ्या मारण्यात जातात. म्हणून हे पत्रक. आपला नंबर येईपर्यंत वाचून होईल.

‘मिटली’ हा शब्द गावकीत चालतो. पोलीस ठाण्याच्या किंवा कोर्टाच्या कुठल्याही रजिस्टरात तो नाही. आम्ही खोदून विचारतो तेव्हा या एका शब्दाखालून भलत्याच वेगवेगळ्या गोष्टी निघतात.

कुणाची बांधावरून शिवीगाळ झालेली असते आणि ठाण्यात एनसी लिहिलेली असते. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपासही करता येत नाही. बहुतेक एनसी रजिस्टरात पडून राहतात, कोर्टापर्यंत जातच नाहीत. कुणाचा खरोखर एफआयआर झालेला असतो, पण तपासात काही निघालेलं नसतं आणि पोलिसांनी समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, कोर्टाकडे पाठवलेली असते. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर अ समरी, फिर्यादच खोटी निघाली तर ब, गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून झालेली असेल तर क. कोर्टानं ती मंजूर केली का, हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

तिसरा प्रकार आमच्या डोक्याला सगळ्यात जास्त ताप देतो. मारामारी झाली, केस कोर्टात गेली, मग दोन्हीकडचे मानकरी देवळात बसले, नारळ ठेवला आणि स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं की आमची एकमेकांविरुद्ध तक्रार नाही. गावाच्या दृष्टीनं विषय संपला. कोर्टाला मात्र कुणी कळवलंच नाही! तारखा पडत राहिल्या, आरोपी मुंबईला, समन्स गावच्या पत्त्यावर, आणि शेवटी वॉरंट. तडजोडीला कायद्यात जागा आहे (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२०, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं कलम ३५९), आणि कोर्टासमोर रीतसर तडजोड झाली तर तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. पण ती ठराविक गुन्ह्यांतच होते, काहींत कोर्टाची परवानगी लागते, आणि ती कोर्टात नोंदवावी लागते.

आंदोलनातल्या गुन्ह्यांचंही तसंच. जैतापूर, बारसू अशा ठिकाणच्या आंदोलनांत साध्या गावकऱ्यांवरही गुन्हे दाखल झाले. ‘गुन्हे मागे घेणार’ अशी बातमी पेपरात आली की लोक निर्धास्त होतात. केस मागे घ्यायला सरकारी वकिलानं कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टानं संमती द्यावी लागते. पेपरचं कात्रण अर्जाला जोडून चालत नाही. एका काकांनी ते लॅमिनेट करून आणलं होतं.

आता आणखी एक गोष्ट, जी ऐकल्यावर माणसं खुर्चीत सरळ बसतात. ‘दंड भरून सुटलो’ म्हणजे सुटलो नाही. कोर्टात गुन्हा कबूल करून तीनशे रुपये दंड भरला तरी ती दोषसिद्धी आहे. गणपतीच्या रात्री पत्ते चालले होते, धाड पडली, जुगार कायद्याखाली केस झाली, वकील म्हणाला कबूल करून मोकळे व्हा. गोव्याहून येताना गाडीत बाटल्या सापडल्या, दारूबंदी कायद्याखाली केस झाली, दंड भरला. इथे लोक म्हणतात, ‘मला पोलिसांनी कुठे पकडलं? एक्साइजवाल्यांनी पकडलं.’ पकडलं कुणीही, निकाल कोर्टाचाच. रेल्वेत साखळी ओढल्यावर रेल्वे कोर्टात भरलेला दंड यातच धरा.

याच्या उलट, शिमग्यात पालखीच्या मानावरून वाद झाला आणि तहसीलदारांकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला गेला, ती चॅप्टर केस. ती गुन्ह्याची शिक्षा नव्हे, खबरदारीची कारवाई आहे. तिला घाबरून जाऊ नका, पण विसरूही नका. का ते पुढे येतंच.

अर्जातलं वाक्य वाचा, नुसता रकाना नव्हे

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही. एका अर्जातलं उत्तर उचलून दुसऱ्या अर्जात टाकणं.

पासपोर्टचा अर्ज तुम्हाला साधारण असं विचारतो: कोर्टात फौजदारी केस चालू आहे का, वॉरंट किंवा समन्स आहे का, आणि गेल्या पाच वर्षांत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा झाली आहे का. ज्याला जुगारात तीनशे रुपये दंड झाला त्याचं इथलं खरं उत्तर ‘नाही’ हेच आहे.

सरकारी नोकरीचा साक्षांकन नमुना वेगळं विचारतो: तुम्हाला कधीही अटक, खटला, स्थानबद्धता, बाँड, दंड, शिक्षा यांपैकी काही झालं आहे का. ‘कधीही’ हा शब्द पाहा. त्याच माणसाचं इथलं खरं उत्तर ‘होय’ आहे. चॅप्टर केसचा बाँडही इथे येतो.

आमच्याकडे एक मुलगा यायचा. पासपोर्ट आम्हीच काढून दिला होता, ‘नाही’ लिहून, आणि ते बरोबर होतं. पुढे त्याची सरकारी नोकरीत निवड झाली. तो अर्ज त्यानं मोबाइलवर पासपोर्टचा जुना अर्ज समोर ठेवून घरीच भरला. पडताळणीत जुगाराची जुनी नोंद निघाली. तीनशे रुपयांच्या दंडासाठी नोकरी गेली नसती असं मला आजही वाटतं, पण प्रश्न आता दंडाचा राहिलाच नव्हता, लपवल्याचा झाला होता. खुलासे, प्रतिज्ञापत्रं, वकील, आणि वर्षभर घरात कुणी कुणाशी धड बोलेना.

सुप्रीम कोर्टानं २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात या विषयावर नियम घालून दिले. त्यांचा मथितार्थ आमच्या भाषेत असा: दिलेली माहिती खरी हवी, बाब किरकोळ असेल तर नोकरी देणाऱ्याला ती माफ करता येते, आणि अर्जात जे स्पष्टपणे विचारलंय तेवढंच सांगायला तुम्ही बांधील आहात. यातला शेवटचा भागही लक्षात ठेवा. काही लोक आमच्याकडे येऊन १९९८ सालची एनसी विचारल्याशिवाय लिहायला लावतात. प्रामाणिकपणा चांगला, पण न विचारलेलं लिहून अर्ज अडकवायची गरज नाही.

पासपोर्टसाठी कोर्टात केस चालू असेल तर सगळंच संपलं असं नसतं. २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे, केस जिथे चालू आहे त्या कोर्टाची परदेशी जाण्याची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळू शकतो. कोर्टानं मुदत लिहिली नसेल तर एक वर्षाचा. परवानगी मागणं हे लपवण्यापेक्षा स्वस्त पडतं. लपवलेलं उघडं झालं तर मिळालेला पासपोर्टही जप्त होऊ शकतो.

‘आमका रेकॉर्ड काढून द्या’

हा दुसरा नेहमीचा प्रश्न. होणाऱ्या जावयाचं, भाडेकरूचं, भागीदाराचं, एकदा तर चुलत भावाचं, कारण वाटणीचा दावा चालू होता.

पोलिसांची देशभरची गुन्हे नोंदणी सीसीटीएनएस नावाच्या यंत्रणेत असते. ती पोलीस आणि तपास यंत्रणांसाठी आहे. तुमच्यासाठी नाही, आमच्यासाठी नाही, आणि ‘आतला माणूस आहे’ म्हणणाऱ्या एजंटासाठी तर नाहीच. एखादा शिपाई ओळखीत बघून सांगत असेल तर तो स्वतःची नोकरी पणाला लावतोय. त्या व्यवहारात आम्ही नाही.

सगळ्यांना दिसतं ते इतकंच: एफआयआर, जो सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर साधारण २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकला जातो, लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील सोडून, आणि ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर केस कुठल्या टप्प्यात आहे ते. चार्जशीट सार्वजनिक नाही, हे २०२३ साली सुप्रीम कोर्टानंच स्पष्ट केलं. गंमत अशी की आमदारकीला उभ्या राहिलेल्या उमेदवाराचे गुन्हे त्याच्या प्रतिज्ञापत्रात कुणालाही वाचता येतात. जावयानं निवडणूक लढवली नसेल तर त्याला सरळ विचारावं लागेल.

आंब्याच्या बागेत राखणदार किंवा होमस्टेवर कामगार ठेवणाऱ्यांसाठी रीतसर वाट आहे. चारित्र्य पडताळणीचा अर्ज त्या माणसानं स्वतःच्या नावानं करायचा आणि दाखला तुम्हाला दाखवायचा. नेपाळहून आलेल्या राखणदाराचं तिथलं रेकॉर्ड आपल्या ठाण्यात नसतं. तो इथे राहिला त्या काळाचंच इथे कळेल.

खासगी कंपन्यांसाठी पडताळणी करणाऱ्या संस्था बहुतेक ई-कोर्ट्सवर नाव टाकून शोधतात. आपल्याकडे याचा वेगळाच घोटाळा होतो. एका वाडीत एकाच नावाचे चार परब, बापाचं नाव वेगळं पण इंग्रजीत आद्याक्षर एकच. पुण्यात बसून पडताळणी करणाऱ्या मुलीला परब म्हणजे एकच परब. दुसऱ्याची केस आपल्या माथी आली तर घाबरून कंपनीला फोनवर भांडू नका. त्या केसचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा अक्षरं-अंक मिळून सोळा खुणांचा क्रमांक, मागून घ्या. त्यावरून केस शोधता येते, आणि कागदपत्रांतला आरोपीचा पत्ता-वय दाखवून ‘हा मी नव्हे’ असं प्रतिज्ञापत्र देता येतं. हे काम आम्ही करून देतो आणि बहुतेक वेळा दोन-तीन खेपांत निपटतं.

निर्दोष सुटलात तरीही

कोर्टातून सुटलात, पेढे वाटलेत, पण निकाल ठाण्याच्या संगणकावर चढला का? बऱ्याचदा तिथे केस ‘प्रलंबित’च दिसत राहते आणि अर्ज तिथेच अडतो. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन ठाण्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घ्या, हे दोनदा लिहितोय.

रेकॉर्ड पुसून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा. सज्ञान माणसाची जुनी केस पुसून टाकायची सरसकट सोय आपल्या कायद्यात नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांची गोष्ट वेगळी, त्यांच्या बाबतीत बालन्याय कायदा नोंदी नष्ट करायला सांगतो, अगदी गंभीर गुन्ह्यांचे अपवाद सोडून. खोट्या केसमध्ये अडकलेल्यांना गुन्हा रद्द करून घेण्यासाठी हायकोर्टात जाता येतं. त्यासाठी आपल्या जिल्ह्याला पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही येतात. ते काम वकिलाचं, आमचं नव्हे.

आमच्याकडे वेळ का लागतो

शेजारी पाच मिनिटांत अर्ज होतो, तुमच्याकडे अर्धा तास, अशी तक्रार असते. खरी आहे. आम्ही आधी गोष्ट विचारून घेतो. कोर्टाचं नाव, साल, कलम, शेवटचा कागद. मग अर्जातला प्रश्न मराठीत वाचून दाखवतो आणि उत्तर तुमच्या अक्षरात कच्च्या कागदावर लिहून सही घेतो. काहींना यात अविश्वास वाटतो. अविश्वास नाही, पण ‘रकान्यात “नाही” तुम्हीच लिहिलंत’ हे ऐकून आमचेही कान किटलेत.

येताना केसचा शेवटचा कागद आणा, पहिला नव्हे. एफआयआरची झेरॉक्स सगळे जपून ठेवतात, निकालाची कुणी ठेवत नाही. कागद नसेल तर साल आणि कोर्ट सांगा, कुडाळ, सावंतवाडी, मालवण, कणकवली, कुठलंही. नकलेचा अर्ज आम्ही लावतो, त्याचा खर्च वेगळा आणि आधीच सांगून. जुन्या किरकोळ केसची फाईल नष्ट झालेली असू शकते. मग फाईल उपलब्ध नसल्याचा लेखी दाखला मागायचा, आणि त्यालाही वेळ लागतो.

पत्त्याबद्दल एकच: पडताळणी तुम्ही लिहिलेल्या पत्त्यावर येते. अकरा महिने डोंबिवलीत राहून गावचा पत्ता दिलात तर पोलीस कुलूप बघून परत जातात.

गणपतीला चार दिवस येणाऱ्यांसाठी: त्या दिवसांत कोर्टाचा नक्कल विभाग बंद असतो. साल आणि कोर्ट आम्हाला आषाढातच फोनवर कळवा, म्हणजे तुम्ही याल तेव्हा नक्कल इथे तयार असेल आणि उरेल ती फक्त सही.