नवीन वाहनचालकांसाठी मद्याची मर्यादा, श्वासचाचणी आणि जप्त परवाना परत मिळविण्याची प्रक्रिया

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे वाहन चालविणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला तर तो गुन्हा ठरतो. कायदा केंद्राचा असल्याने ही मर्यादा मुंबई, नागपूर आणि पणजी येथे एकच आहे, आणि परवाना काल हातात पडला असो की वीस वर्षांपूर्वी, ती सर्वांना सारखीच लागू होते. काही देशांत नवशिक्या चालकांसाठी वेगळा आणि अधिक कडक नियम असतो. जर्मनीत २००७ पासून २१ वर्षांखालील चालकांना, तसेच परवान्याच्या पहिल्या दोन वर्षांच्या परिवीक्षा काळात सर्वांना, मद्याची मर्यादा शून्य आहे आणि शिक्षणासाठी तिकडे जाणाऱ्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवलेले बरे. आपल्या कायद्यात नवशिक्यांसाठी असा स्वतंत्र आकडा नाही.

तरीही महाराष्ट्रातील नवीन चालकाने ३० मिलिग्रॅम म्हणजे आपल्याला मिळालेली सवलत आहे असे समजू नये. राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली मद्य बाळगण्याचा व पिण्याचा परवाना वयाच्या २५ व्या वर्षापासून मिळतो आणि सौम्य बिअरसाठी ही अट २१ वर्षांची आहे. वाहनाचा परवाना मात्र १८ व्या वर्षी मिळतो. त्यामुळे अठरा वर्षांच्या मुलाला पुढची निदान तीन वर्षे मर्यादेचा हिशेब मांडण्याचे कारणच उरत नाही, कारण त्याच्या बाबतीत पहिला घोटच बेकायदा असतो. बारमध्ये बिलासोबत फाडून दिला जाणारा एक दिवसाचा परवाना पिण्यापुरता असतो, पिऊन गाडी चालविण्याशी त्याचा काही संबंध नाही, हे सांगण्याची वेळ यावी हेच खरे तर नवल आहे.

ज्यांचे वय अटीत बसते त्यांनी साधे गणित करून पाहावे. आपल्याकडे मिळणाऱ्या व्हिस्की किंवा रममध्ये सामान्यतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे ६० मिलिलिटरच्या एका लार्ज पेगमधून सुमारे २० ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्यातून अंदाजे ५० मिलिग्रॅमपर्यंत पातळी जाऊ शकते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच पेगने ती आणखी वर जाते. ६५० मिलिलिटरची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर घेतली तर मद्यार्क याच्या दुप्पट होतो. शरीर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅम या गतीनेच मद्यार्क निकामी करते आणि कडक कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ किंवा उलटी यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. ‘एकच घेतली आहे’ हा नाकाबंदीवर रोज ऐकू येणारा खुलासा खरा असला तरी उपयोगाचा नसतो तो यामुळेच. रात्री एक वाजेपर्यंत भरपूर पिऊन सकाळी सात वाजता कामाला निघालेला माणूसही मर्यादेच्या वर असू शकतो, आणि त्याला स्वतःला मात्र आपण पूर्ण शुद्धीवर आहोत असे वाटत असते.

परवान्याच्या अर्जाबाबत थोडक्यात सांगायचे तर वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस परिवहन विभागाच्या सारथी संकेतस्थळावर शिकाऊ परवान्यासाठी अर्ज करता येतो. वयाचा व पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, स्वाक्षरी आणि नमुना १ मधील शारीरिक पात्रतेचे स्वयंघोषणापत्र लागते. आधारद्वारे ओळख पटवून अर्ज केल्यास शिकाऊ परवान्याची चाचणी घरबसल्या देता येते. केंद्रीय नियमांनुसार प्रत्येक वाहनवर्गासाठी परवान्याचे १५० रुपये आणि चाचणीचे ५० रुपये शुल्क आहे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याच्या चाचणीस बसता येत नाही. शिकाऊ परवाना असलेल्यासही कलम १८५ पूर्णपणे लागू आहे. शिवाय प्यायलेल्या माणसास गाडी चालविण्यास प्रवृत्त करणारा किंवा साहाय्य करणारा कलम १८८ प्रमाणे त्याच शिक्षेस पात्र ठरतो, त्यामुळे शेजारच्या आसनावर बसून ‘चालव, काही होत नाही’ म्हणणाऱ्यानेही स्वतःला सुरक्षित समजू नये.

नाकाबंदीत गणवेशातील पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन विभागाचा अधिकारी, चालक प्यायला असल्याचा वाजवी संशय असल्यास, कलम २०३ प्रमाणे श्वासचाचणी देण्यास सांगू शकतो. ब्रेथ ॲनालायझरला आपल्यासमोर नवी नळी लावण्याची विनंती करावी आणि यंत्राची छापील पावती निघाल्यास तिच्यावरील दिनांक, वेळ व आकडा स्वतः वाचून घ्यावा. नुकतेच माउथवॉश किंवा मद्यार्कयुक्त खोकल्याचे औषध घेतले असेल तर ते तेथेच सांगून थोड्या वेळाने पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करावी, कारण तोंडात राहिलेला मद्यार्क साधारण पंधरा मिनिटांत ओसरतो. चाचणीस नकार देण्यात मात्र शहाणपण नाही. नकार देणाऱ्याकडे वाजवी कारण नसेल तर कलम २०५ प्रमाणे तो नकारच फिर्यादी पक्षाच्या पुराव्यास बळकटी देणारा मानला जाऊ शकतो आणि मद्याचा संशय असल्यास विनावॉरंट अटकही होऊ शकते. कलम १८५ खाली अटक झाल्यास दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, अन्यथा त्या व्यक्तीस सोडून द्यावे लागते. रक्ताच्या नमुन्याला या प्रकरणांत किती महत्त्व असते, हे मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर येथील अपघातानंतर नमुने बदलल्याचा जो आरोप झाला त्यावरून सर्वांना कळलेच आहे.

पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. हेल्मेट किंवा सिग्नलच्या चलनाप्रमाणे मोबाइलवरून तडजोड शुल्क भरून हे प्रकरण मिटत नाही, न्यायालयात हजर राहावेच लागते. बहुतेकांची गफलत होते ती यापुढे. न्यायालयात दंड भरला की सगळे संपले असे ते धरून चालतात, परंतु परवान्याची कारवाई दोन स्वतंत्र वाटांनी चालते.

पहिली वाट आरटीओची. कलम २०६ प्रमाणे पोलीस अधिकारी परवाना ताब्यात घेऊन तो परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवितो आणि चालकास तात्पुरती पोच देतो. ही पोच दाखवून गाडी चालविता येते असा समज सर्वत्र आहे आणि इतर काही प्रकरणांत तो बरोबरही आहे, पण मद्यप्राशनाच्या प्रकरणातील पोचेवर परवाना परत मिळेपर्यंत वाहन चालविण्याची मुभा नसते. परवाना प्राधिकारी म्हणणे मांडण्याची संधी देऊन कलम १९ प्रमाणे पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवू शकतो आणि दुसऱ्या गुन्ह्यात परवाना रद्द करू शकतो. सुनावणीची नोटीस परवान्यावरील पत्त्यावर जाते, म्हणून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी शहर बदललेल्यांनी पत्ता अद्ययावत ठेवावा, नाहीतर नोटीस गावी आणि माणूस पुण्यात अशी गत होऊन निर्णय एकतर्फी लागतो. दुसरी वाट न्यायालयाची. कलम १८५ खाली दोषी ठरलेल्या व्यक्तीस कलम २० प्रमाणे न्यायालय अपात्र ठरविते आणि हा काळ सहा महिन्यांपेक्षा कमी नसतो.

आरटीओने ठरविलेली मुदत संपली की परवाना आपोआप परत येत नाही. परवानाधारकाने मान्यताप्राप्त वाहनचालक प्रशिक्षण संस्थेतून उजळणी प्रशिक्षण पूर्ण करणे आवश्यक असते आणि त्याचे प्रमाणपत्र दाखविल्यावरच परवाना हाती येतो. कार्यालयात जाताना पोलिसांनी दिलेली पोच, परवाना प्राधिकाऱ्याच्या आदेशाची प्रत, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि प्रकरण न्यायालयात गेले असल्यास तेथील आदेशाची व दंड भरल्याच्या पावतीची प्रत, असा पूर्ण संच सोबत असावा. पोच हरवल्यास फेऱ्या वाढतात, म्हणून तिचे मोबाइलवर छायाचित्र त्याच रात्री काढून ठेवावे. प्रशिक्षणाची जागा मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात शोधत बसण्यापेक्षा आदेश मिळताच नाव नोंदवावे.

परवाना प्राधिकाऱ्याचा आदेश मान्य नसल्यास तो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत विहित प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. अपील दाखल केले म्हणजे आदेशाला आपोआप स्थगिती मिळाली असे समजून गाडी बाहेर काढू नये. अपात्रतेच्या काळात वाहन चालविणे हा कलम १८२ खाली वेगळाच गुन्हा असून त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.